मिनिटाला किती श्वास?

सकाळी ७.३०

आज आमच्या युनिटचा ॲडमिशनचा दिवस. सकाळी आठपासून उद्या सकाळी आठपर्यंत मेडिसिन विभागात जो नवा रुग्ण येईल तो आमचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. जानेवारी चालू आहे, भोवतालच्या कारखान्यांचा गळीत हंगाम भरात आहे. पहाटेची थंडी, फडातलं धुकं, पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि घरोघरी सर्दी-ताप. या दिवसांत न्यूमोनियाचे रुग्ण वाढतात, हे आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही पाठ आहे. त्या आदल्या दिवशीच जादा ब्लँकेटं काढून ठेवतात.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये जंतूंमुळे सूज येते आणि तिथे पाणी, पेशी, पू साचतो. हवेच्या जागी हे भरलं की तिथून जाणारं रक्त प्राणवायू न घेताच पुढे सरकतं. घरात, बाजारात, शेतात, एसटीत लागलेला न्यूमोनिया आम्ही वेगळा धरतो; दुसऱ्याच आजारासाठी भरती झालेल्या माणसाला ४८ तासांनंतर रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया वेगळा. दोन्हींचे जंतू वेगळे, औषधांची निवड वेगळी. आजचा दिवस पहिल्या प्रकाराचा.

हा रुग्ण समोर आला की दोन प्रश्न पडतात. न्यूमोनियाच आहे का, हा पहिला. आणि तो किती गंभीर आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तासाभरात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर दिवसभर शोधावं लागतं, आणि रुग्ण घरी जाणार, वॉर्डात राहणार की आयसीयूत, हे त्यावरच ठरतं.

नव्या इंटर्नना मी सकाळीच एक काम सांगते. आजच्या प्रत्येक रुग्णाचे श्वास घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोजताना रुग्णाचं मनगट हातात ठेवायचं, म्हणजे त्याला नाडी बघतायत असं वाटतं. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे विसाव्याला मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ३० किंवा त्याहून जास्त असतील, तर बाकी काही कळण्याआधी वरिष्ठाला हाक मारायची.

सकाळी ८.४०

कॅज्युअल्टीतून पहिला कॉल. ७८ वर्षांच्या आजी. बरोबर सून आणि नातू. केसपेपरवर लिहिलेली तक्रार आहे ‘अशक्तपणा, जेवण नाही’. ताप ९८.२. खोकला नावाला.

“आत्या परवापास्नं गप्पच हायत्या,” सून सांगते. “भाकरी दिली तर हातात धरून बसत्यात. काल मलाच म्हणल्या, तू कुणाची गं?”

“एरवी कशा असतात?”

“एरवी? म्हशीची धार त्याच काढत्यात.”

हे वाक्य मला आजींच्या पूर्ण तपासणीइतकं मोलाचं वाटतं. धार काढणारी बाई दोन दिवसांत सुनेला ओळखेनाशी होते, तेव्हा ते म्हातारपण नसतं. ऐंशीच्या आसपासच्या माणसाचं शरीर जंतूंना तापाने उत्तर देईलच असं नाही, आणि खोकून कफ बाहेर टाकायचा जोरही उरलेला नसतो. या वयात न्यूमोनिया बरेचदा खाणं सुटणं, पडणं, अंथरुणात लघवी होणं किंवा बरळणं अशा रूपात दाराशी येतो. घरचे म्हणतात ‘थकल्या’, शेजारी म्हणतात ‘वात झाला’, आणि मधले दोन दिवस निघून जातात.

भान तपासण्यासाठी पुस्तकात दिलेली प्रश्नावली ब्रिटनमध्ये तयार झाली. पहिलं महायुद्ध कोणत्या साली झालं, राजा किंवा राणी कोण, असे प्रश्न तिच्यात आहेत. आम्ही आमचे विचारतो. “आजी, संक्रांत झाली का व्हायची आहे? आत्ता सकाळ का संध्याकाळ? थोरल्या लेकाचं नाव काय?” आजी नातवाकडे बघून हसतात आणि भावाचं नाव सांगतात.

श्वास मिनिटाला ३२. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८६. उजव्या बाजूला पाठीमागे, खालच्या भागात स्टेथोस्कोपमधून केस चोळल्यासारखा बारीक चरचराट. रक्तदाब ठीक. मास्कने ऑक्सिजन, रक्ताचे कल्चर, आणि लगेच सेफ्ट्रिएक्झोनचा पहिला डोस, जोडीला ॲझिथ्रोमायसिन. एक्स-रे पोर्टेबल मशीनवर, बेडवरच. रिपोर्टची वाट बघत अँटिबायोटिक थांबवायचं नाही, हे निवासी डॉक्टरला सांगावं लागत नाही. तिने आधीच सिरिंज भरलेली असते.

सकाळी १०.००

वॉर्डचा राऊंड. आजींचा युरिया आला, ६४. आता मोजणी पूर्ण होते.

पाच गोष्टींची ही मोजणी ‘कर्ब-६५’ या नावाने जगभर वापरली जाते. भान हरपलं आहे का, युरिया वाढला आहे का, श्वास ३० किंवा त्याहून जास्त आहेत का, वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी किंवा खालचा ६० किंवा त्याहून कमी आहे का, आणि वय ६५ किंवा पुढे आहे का. प्रत्येकाला एक गुण. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या नोंदींवरून ही पद्धत २००३ साली मांडली गेली. त्या नोंदींत शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी सुमारे दीड टक्का रुग्ण महिन्याभरात दगावले होते, दोन गुणांना सुमारे ९ टक्के, आणि तीन किंवा त्याहून जास्त असतील तर सुमारे २२ टक्के. आजींचे चार होतात. त्यांना आयसीयूशेजारच्या जादा देखरेखीच्या खोलीत हलवायचं ठरतं.

युरियाच्या आकड्यापाशी मी नव्या मुलांना थांबवते. काही प्रयोगशाळा ब्लड युरिया देतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला केवळ नायट्रोजन. दोन्हीही मिलिग्रॅममध्येच. पण बीयूएनचा २० हा आकडा म्हणजे युरियाचा साधारण ४३. ‘युरिया ३०’ बघून एक गुण देऊन टाकला, तर बऱ्या माणसाला विनाकारण आयसीयूचा बेड मिळेल आणि खऱ्या गरजूचा जाईल. रिपोर्टवर कोणतं नाव छापलंय ते वाचा, मग आकडा वाचा.

याहून मोठी पद्धत अमेरिकेत मायकेल फाइन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दिली. तिच्यात वीस गोष्टी आहेत. वयाची जितकी वर्षं तितके गुण, स्त्री असेल तर त्यातून १० वजा. कर्करोग असेल तर ३०, यकृताचा आजार असेल तर २०, हृदय, मूत्रपिंड किंवा पूर्वीचा पक्षाघात यांना प्रत्येकी १०. रक्तातली आम्लता वाढलेली असेल तर ३०. बेरजेवरून पाच वर्ग पडतात. कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येईल हे शोधण्यासाठी ही मोजणी उत्तम आहे. मात्र वयाचा भार तिच्यात एवढा आहे की पंचविशीतला मुलगा धापा टाकत असला तरी त्याची बेरीज कमी भरते. कर्ब-६५ मध्ये तर ऑक्सिजन मोजलेलाच नाही, मधुमेह नाही, दारू नाही. म्हणून भारतीय छातीविकारतज्ज्ञांनी २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेने गुणांच्या जोडीला ऑक्सिमीटरच्या आकड्यालाही वजन दिलं. गुण ही विचाराची सुरुवात आहे. शेवट बेडपाशी उभं राहूनच करावा लागतो.

सकाळी ११.१५

ओपीडीतून पाठवलेली बाई, वय ३४. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली. नवरा बरोबर आहे, सहा वर्षांची मुलगी त्याच्या खांद्यावर झोपलेली. चार दिवस थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीत कळ, विटकरी रंगाचा बेडका. ताप १०२.६, श्वास २८, ऑक्सिजन ९३. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूचा खालचा खण पांढरा. भान, रक्तदाब, युरिया सगळं जागेवर.

कर्ब-६५ प्रमाणे गुण शून्य. कागद सांगतो, गोळ्या देऊन घरी पाठवा.

घर म्हणजे फडाच्या कडेला उभी केलेली कोपी. चार बांबू, पाचट, वर ताडपत्री. पहाटे तीनला उठून चूल, मग कोयता. पाणी टँकरचं. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि जोडीने काम करायचं असल्याने एकजण बसला तर दोघांचा खाडा. हिमोग्लोबिन ७.८. पाळी कधी आली होती ते मी विचारते, कारण गरोदर असेल तर न्यूमोनियाचं गणितच बदलतं. गरोदर नाही.

“म्याडम, गोळ्या द्या चांगल्या, जातो आमी,” नवरा म्हणतो. “सही करून जातो. मुकादम फोनवर फोन करायलाय.”

“भाऊ, हिला आज रात्री दम वाढला, तर फडातून इथपर्यंत यायला किती वेळ लागेल?”

तो हिशोब करतो. ट्रॅक्टर मिळाला तर दीड तास. एकशे आठची गाडी बोलावली तर रस्त्यापर्यंत पेशंट उचलून आणावा लागेल.

“दोन दिवस राहू द्या. ताप उतरला, श्वास कमी झाला की मी स्वतः सोडते. मुकादमाशी आमचे समाजसेवा अधीक्षक बोलतील. मुलीला तिच्या जवळ झोपू दे, सिस्टर बघतील.”

बाई पहिल्यांदाच बोलते. “ऱ्हाते मी.”

माणसाला भरती करण्यासाठी केवळ फुप्फुस बघायचं नसतं. तो गोळ्या पोटात ठेवू शकतो का, त्याच्याजवळ रात्री जागं कोणी आहे का, परत यायला रस्ता आहे का, हे सगळं त्याच्या आजाराच्या तीव्रतेतच धरायला हवं. प्रगत देशांच्या मार्गदर्शिकाही गुणांच्या जोडीला घरची परिस्थिती विचारात घ्यायला सांगतात. आमच्याकडे ती परिस्थिती पुष्कळदा गुणांपेक्षा मोठी ठरते. केसपेपरवर मी भरतीचं कारण तसंच लिहिते: गुण शून्य, रक्त कमी, राहणं कोपीत, देखरेख अशक्य.

दुपारी १२.३०

एक्स-रे विभाग. रेडिओलॉजीच्या सहकाऱ्यांबरोबर सकाळच्या फिल्मा बघायची ही वेळ.

२९ वर्षांचा यंत्रमाग कामगार. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंगात कसर, रात्री घाम, पाच-सहा किलो वजन उतरलेलं. बाहेर लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मिळाल्या, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा ताप. चिठ्ठीवर ‘बरा न होणारा न्यूमोनिया’ लिहून आलाय. फिल्ममध्ये डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि त्यात लहानशी पोकळी.

न्यूमोनिया म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णात आपल्या देशात क्षयरोगाची शंका मनात ठेवावीच लागते. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतात. त्यामुळे तात्पुरता आराम पडतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान आठवडेच्या आठवडे मागे जातं. ताप-खोकल्याला पहिलं औषध म्हणून ही गोळी देऊ नये, यामागे हे साधं कारण आहे. याची थुंकी सीबीनॅट मशीनवर जाते. साधारण दोन तासांत क्षय आहे की नाही ते कळतं आणि रिफाम्पिसिन त्यावर चालेल की नाही तेही. तोवर त्याला मास्क, खिडकीजवळचा बेड, आणि आजींच्या खोलीपासून लांब.

एक्स-रेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नातेवाईक फिल्म उजेडाला धरून विचारतात, “डाग किती गेला?” डाग माणसाच्या मागून चालतो. ताप उतरला, भूक लागली, चालता यायला लागलं, तरी फिल्म सहा आठवडे पांढरी राहू शकते. म्हाताऱ्यांत त्याहून जास्त. आणि उलटही घडतं. पहिल्या काही तासांत, अंगातलं पाणी आटलेलं असताना, फिल्म जवळजवळ स्वच्छ दिसते आणि माणूस मात्र झपाट्याने खचत असतो.

दुपारी २.००

डबा खाऊन सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. ऊसतोडीच्या ताईंची थुंकी काचपट्टीवर रंगवून ठेवलीय. मायक्रोस्कोपखाली जांभळे, जोडीजोडीने बसलेले, टोकदार जंतू: न्यूमोकॉकस. फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी १८८१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा जंतू वेगळा केला. इतक्या वर्षांनंतरही बाहेरून लागणाऱ्या न्यूमोनियाच्या जिवाणूंत तो पुढच्या रांगेत आहे.

असं स्पष्ट उत्तर नेहमी मिळत नाही. बऱ्याच रुग्णांना बेडकाच पडत नाही, पडला तर तो नुसती लाळ असते, आणि पुष्कळांनी येण्याआधी दोन-तीन गोळ्या खाल्लेल्या असतात. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन हजारांहून जास्त प्रौढ रुग्णांवर सगळ्या आधुनिक तपासण्या करूनही ३८ टक्के रुग्णांतच जंतू किंवा विषाणू सापडला. म्हणून पहिलं औषध निवडताना आम्ही माणसाकडे बघतो. दारू पिणारा, मधुमेही असेल तर क्लेब्सिएला मनात येतो. झटके येऊन किंवा पक्षाघातात गिळणं बिघडलं असेल तर तोंडातले जंतू. कोकणपट्टीतून भर पावसाळ्यात आलेला, साखर वाढलेला, चिखलात काम करणारा असेल तर मेलिऑइडोसिस, ज्याला नेहमीची औषधं दाद देत नाहीत. रुग्णाची शेती, चूल, व्यसन आणि साखर विचारली, तर जंतूचा अर्धा पत्ता हाती लागतो.

दुपारी ३.१५

आयसीयू. दुपारी आलेला ५२ वर्षांचा माणूस, ट्रकचालक. रोजची दारू, आठ वर्षांचा मधुमेह, गोळ्या कधी घेतल्या कधी नाहीत. श्वास ४०, रक्तदाब ७८/४०, साखर ४१०. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंचे तीन खण भरलेले. पांढऱ्या पेशी २,८००.

इंटर्न विचारते, “मॅडम, इतकं इन्फेक्शन असून पांढऱ्या पेशी कमी कशा?”

चांगला प्रश्न. पेशी वाढणं ही झुंज चालू असल्याची खूण. इथे अस्थिमज्जा पुरवठाच करू शकत नाहीये, दारूने ती आधीच दबलेली आहे. अमेरिकन संघटनांच्या तीव्रतेच्या निकषांत चार हजारांच्या खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी, एक लाखाच्या खाली गेलेल्या प्लेटलेट्स आणि ३६ सेल्सियसच्या खाली उतरलेलं अंग हे सगळं याच कारणाने बसवलेलं आहे. त्यांतले छोटे निकष तीन भरले, किंवा रक्तदाब टिकवायला औषध लागलं, किंवा वेंटिलेटर लागला, की तो तीव्र न्यूमोनिया. या माणसात एकही जागा रिकामी नाही. सलाइनने दाब चढत नाही, नॉरॲड्रिनलिन चालू होतं. अर्ध्या तासात तो थकतो, मान झुलायला लागते. नळी टाकून वेंटिलेटर लावायचं ठरतं.

त्याची बायको बाहेर बाकावर. तिच्या शेजारी बसते. उभ्याने अशा गोष्टी सांगू नयेत.

“ताई, दोन्ही फुप्फुसांत पू झालाय, आणि त्याचं विष रक्तात गेलंय. श्वास घेण्याचं काम आता मशीन करेल. जीव वाचेल असं मी आज सांगू शकत नाही. प्रयत्न सगळे करतो.”

“सोमवारपर्यंत गाडी चालवत होते हो,” ती म्हणते.

तिला कागदपत्रांसाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे पाठवते. बरोबर तिचा दीर जातो.

आत स्टेरॉइडची चर्चा. २०२३ साली फ्रान्समधल्या आयसीयूंतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीव्र न्यूमोनियात रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन सुरुवातीलाच दिलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ वर आले. फ्लूचे रुग्ण आणि येतानाच शॉकमध्ये असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते. आमचा रुग्ण शॉकमध्येच आलाय. म्हणजे त्या चाचणीचा आधार इथे थेट लागू होत नाही. दाब औषधालाही दाद देत नसल्याने, शॉकसाठी म्हणून आम्ही हायड्रोकॉर्टिसोन चालू करतो, फ्लूचा स्वॅब पाठवतो, ऑसेल्टामिविर देतो आणि साखरेसाठी इन्शुलिनचं ड्रिप लावतो. कोणती चाचणी कोणत्या माणसांवर झाली हे न बघता तिचा आकडा बेडपाशी आणायचा नाही, हे मला इथे शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं असतं.

दुपारी ४.४५

एक आनंदाचं काम. ६९ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक आज घरी जातायत. पाच दिवसांपूर्वी आले तेव्हा दोन गुण होते. आज ताप ३७.८ सेल्सियसच्या खाली, नाडी शंभरच्या आत, श्वास २०, रक्तदाब ठीक, ऑक्सिजन बाहेरून न देता ९५, जेवण होतंय, डोकं जागेवर. हे सगळं दोन दिवस टिकलंय. अँटिबायोटिक किमान पाच दिवस आणि प्रकृती स्थिरावेपर्यंत. पुढे लांबवण्यात फायदा नाही.

“सर, आठवड्याभरात ताप पूर्ण जाईल. कफ आणि छातीतलं दुखणं महिन्याभरात पुष्कळ कमी होईल. खोकला-दम सहा आठवड्यांत. थकवा मात्र तीन महिनेही राहू शकतो. घाबरू नका, पण बरं वाटलं म्हणून लगेच शेतावर जाऊ नका.”

ते वहीत लिहून घेतात. मी पुढचं सांगते. न्यूमोनियानंतरच्या काही आठवड्यांत हृदयावर ताण येतो, हार्ट अटॅकची शक्यता वाढते. छाती दाटली किंवा पायाला सूज आली, तर थांबायचं नाही. विडी ओढत होतात, म्हणून सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायचा, सावलीआड गाठ लपलेली नाही ना हे बघायला. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकॉकसची लस घ्यायची.

ती लस बाळांना आता सरकारी लसीकरणात मिळते. भारतात २०१७ पासून काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. पुण्यात तयार झालेल्या स्वस्त लसीनेही त्या कामाला हातभार लावला. मोठ्यांसाठी मात्र ती स्वतःच्या पैशांनी घ्यावी लागते. साठी ओलांडलेल्या, मधुमेही, दमेकरी माणसांना ती सरकारी केंद्रात मिळाली, तर माझ्या वॉर्डातले कित्येक बेड रिकामे राहतील असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी ६.००

संध्याकाळचा राऊंड मला सकाळच्या राऊंडइतकाच महत्त्वाचा वाटतो. न्यूमोनियाची तीव्रता एकदा मोजून फाइलला लावायची गोष्ट नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत वॉर्डातला माणूस आयसीयूच्या दाराशी जाऊ शकतो आणि त्याची चाहूल बहुतेक वेळा श्वासांत आधी लागते.

६१ वर्षांच्या मावशी, जन्मभर चुलीपुढे. विडी कधी ओढली नाही, पण फुप्फुसं जुनाट धूम्रपान करणाऱ्याची. त्यावर आता न्यूमोनिया. दुपारी कोणीतरी मायेने ऑक्सिजन वाढवून ठेवलाय, आकडा ९९. मावशी पेंगतायत, बोलावलं की डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. अशा फुप्फुसांना ऑक्सिजनचा अतिरेक सोसत नाही. कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि माणूस झोपल्यासारखा दिसत बेशुद्ध होतो. धमनीतलं रक्त तपासायला जातं, ऑक्सिजन कमी करून आकडा ८८ ते ९२ मध्ये ठेवला जातो, बायपॅपचा मास्क लागतो. तासाभराने त्या सुनेला विचारतात, “पोरगं शाळेतनं आलं का गं?” तिला हायसं वाटतं, आम्हालाही.

टीपीआर चार्ट चाळताना एका ओळीत सकाळपासून श्वास २०, २०, २०. मी इंटर्नला तो बेड दाखवते. दोघी मोजतो. २६. तिला मी रागावत नाही. नऊ तास ती पळते आहे. “उद्यापासून तुला माझ्याबरोबर मोजायला घेते,” एवढंच सांगते. रिकाम्या रकान्यात सवयीने भरलेला आकडा हा रिकाम्या रकान्यापेक्षा धोकादायक असतो, कारण तो पुढच्या माणसाला निर्धास्त करतो.

ऊसतोडीच्या ताईंचा ताप शंभरावर आलाय. श्वास २४. मुलगी तिच्या कुशीत बिस्किट खातेय. यंत्रमागवाल्या मुलाचा सीबीनॅट पॉझिटिव्ह, रिफाम्पिसिन चालेल असा. उद्या क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद आणि उपचार सुरू. पोषणासाठी महिन्याला हजार रुपये थेट त्याच्या खात्यात येतील, हे ऐकून तो पहिला प्रश्न घरातल्या लहान भावाबद्दल विचारतो. घरच्या सगळ्यांची तपासणी करायची, हे त्याच चिठ्ठीवर लिहिते.

रात्री ९.३०

रात्रपाळीला सोपवणी. दोन निवासी डॉक्टर, एक इंटर्न, तीन सिस्टर. मी आजारांची नावं सांगत नाही; बेडवर ती लिहिलेली आहेत. कोणाकडे किती वाजता जायचं ते सांगते. आयसीयूतल्या ट्रकचालकाचा दाब औषधावर टिकलाय, लघवी तासाला २० मिलीच होतेय. मूत्रपिंड विभागाला आत्ताच कळवा. आजींचा ऑक्सिजन मास्कवर ९३, श्वास २८. त्यांना झोपेचं औषध कोणीही द्यायचं नाही, सुनेला जवळ बसू द्या, ओळखीच्या आवाजाने भान लवकर ठिकाणावर येतं. चुलीच्या मावशींचं रक्त रात्री बाराला पुन्हा तपासा.

मग एक गोष्ट जी मी वॉर्डात आणि गावच्या आरोग्य शिबिरांत सारखीच सांगते. न्यूमोनिया ओळखायला आणि तो किती पुढे गेलाय हे कळायला पहिलं साधन कोणाच्याही घरात असतं: सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि त्या माणसाला रोज बघणारं कोणीतरी. म्हातारं माणूस जेवेनासं झालं, नेहमीसारखं बोलेनासं झालं, तर ताप नसला तरी शांत बसवून त्याचे श्वास एक मिनिट मोजा. २५ च्या पुढे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तीसच्या पुढे असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा भान हरपत असेल, तर १०८ ला फोन लावा. सकाळी आजींच्या सुनेने म्हशीच्या धारेचं सांगितलं नसतं, तर आमचंही निदान मागे पडलं असतं. घरच्या माणसाची ही नजर मी तपासणीचाच भाग मानते आणि केसपेपरवर तिला जागा देते.

“रात्री दोनला सगळ्यांचे श्वास पुन्हा मोजा,” मी निवासी डॉक्टरला सांगते. “ज्याचा आकडा संध्याकाळपेक्षा चारने वाढलाय, त्याच्यासाठी मला उठवा. कारण माहीत नसलं तरी उठवा.”

ती वहीत सहा बेडचे नंबर लिहून घेते आणि पहिल्या बेडकडे निघते.